गणिताच्या वहींतील मागील बाकी

जून महिन्याच्या मध्यास आमच्या बहुतेक शाळा उघडतात. पहिल्या पावसाबरोबर नवीं दप्तरें येतात, कोऱ्या पुस्तकांचा वास वर्गांत दरवळूं लागतो, आणि त्याच सुमारास प्रत्येक शिक्षकाच्या हातीं एक आंखलेला तक्ता पडतो. त्याचें नांव वार्षिक नियोजन. कोणत्या महिन्यांत कोणतें प्रकरण शिकवावयाचें, त्यास किती तासिका द्यावयाच्या, चाचणी केव्हां घ्यावयाची, हें सर्व त्यांत भरून तो मुख्याध्यापकांकडे सहीस पाठवावयाचा असतो. सही होते, तक्ता फायलींत जातो, आणि पुढील जूनपर्यंत त्याचें तोंड कोणी पाहत नाहीं. असल्या कागदावर आम्हीं अग्रलेखाची जागा कां खर्च करावी, असें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल. त्यांस आमचें नम्रपणें एवढेंच सांगणें आहे कीं, हा कागद खरा लिहिला गेला आणि खरा पाळला गेला, तर शहरांतील शेंकडों मुलांच्या मनांतील गणिताची धास्ती ओसरेल. आणि तो आजच्यासारखाच खोटा लिहिला जात राहिला, तर कितीहि नवीं धोरणें व नवीं पुस्तकें आलीं तरी त्या मुलांच्या पदरीं कांहीं पडणार नाहीं.

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं एका शाळेंत नववीच्या वर्गावर जाऊन बसण्याचा आम्हांस योग आला. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं; अशा शाळा गांवोगांव आहेत. गणिताचे शिक्षक मनमिळाऊ व आपल्या विषयांत निष्णात होते. नियोजनाच्या तक्त्यांत त्या आठवड्यास चौकोनाचें प्रकरण लिहिलेलें होतें. फळ्यावर मात्र वास्तव संख्या चालल्या होत्या. आम्हीं सहज विचारलें, तेव्हां ते हसून म्हणाले, "साहेब, तो तक्ता तपासणीसाठीं. मागच्या वर्षींचाच उतरून काढतों. वर्ग चालतो तो जसा चालेल तसा." पुढें त्यांच्या परवानगीनें आम्हीं मुलांस एक साधा प्रश्न विचारला: तीन चतुर्थांश व पांच अष्टमांश यांत मोठें कोणतें? वर्गांत चाळीस मुलें होतीं. बरोबर उत्तराच्या बाजूनें फार तर दहाबारा हात वर आले. उरलेल्यांपैकीं पुष्कळांचें म्हणणें असें कीं, पांच तिहींहून मोठे, आठ चोहोंहून मोठे, तेव्हां पांच अष्टमांशच मोठे. तीन चतुर्थांश म्हणजेच सहा अष्टमांश, हें त्यांस पूर्वीं कोणीं सांगितलें नव्हतें असें नाहीं; पण सांगितलेलें मनांत राहिलें नव्हतें. शिक्षक ओशाळले आणि म्हणाले, "हें सारें पांचवी-सहावींत झालेलें आहे. आतां मागें वळावें तर पोर्शन राहतो."

या एका वाक्यांत आमच्या माध्यमिक गणितशिक्षणाचा सगळा रोग सांपडतो. दोष त्या गृहस्थांचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांस जें विचारलें जातें त्याचेंच उत्तर ते देतात. तपासनीस विचारतात, प्रकरणें किती झालीं. पालक विचारतात, पुस्तक केव्हां संपणार. परीक्षा विचारते, उत्तर काय. मुलास काय येतें, आणि कोठपासून येईनासें झालें, हें त्यांस कोणीच विचारीत नाहीं. म्हणून वर्षाची आंखणी पुस्तकाच्या पानांवरून होते. ती मुलाच्या डोक्यांत काय आहे व काय नाहीं यावरून, आणि हातीं खरोखर किती तास आहेत यावरून व्हावी, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

आमच्या वाचकांत व्यापारी व दुकानदार पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही विचारतों कीं, पाडव्याच्या मुहूर्तावर नवी वही घालतांना मागील वहीची बाकी पुढें न ओढतां कोणता शहाणा मनुष्य पहिलें पान लिहावयास बसेल? कोणाकडून किती येणें, कोणास किती देणें, शिलकेंत माल किती, हें मांडल्यावांचून नव्या वर्षाचा व्यवहार सुरू होत नाहीं. जो तें मांडणार नाहीं त्याचें दिवाळें केव्हां निघेल हें सांगावयास ज्योतिषी नको. पण आमच्या शाळांत हेंच दरवर्षीं घडतें. नववीचा शिक्षक जूनमध्यें नवी वही उघडतो ती कोऱ्या पानानें. सहावीची, सातवीची, आठवीची थकलेली बाकी कोठेंच मांडलेली नसते. आणि गणितांतील थकबाकीवर व्याज चढतें, तेंहि चक्रवाढ. अपूर्णांक कच्चे राहिले कीं गुणोत्तर कळत नाहीं. गुणोत्तर कळलें नाहीं कीं शेंकडेवारी, व्याज, समरूपता व त्रिकोणमिति यांपैकीं एकहि गोष्ट पाठांतरापलीकडे जात नाहीं. इतिहासांत शिवकालाचा एखादा पाठ बुडाला तरी पेशवाईचा पाठ समजूं शकतो. गणितांत तशी सवलत नाहीं.

ही बाकी लहानसहान आहे असें कोणी समजूं नये. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें निघणाऱ्या 'असर' अहवालासाठीं २०२३ सालीं २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी झाली. तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येनें भागण्याचें उदाहरण बरोबर सोडविणारीं मुलें तींत शेंकडा ४३.३ निघालीं. म्हणजे वयानें नववी ते बारावीच्या घरांतलीं जीं मुलें, त्यांतील निम्म्याहून अधिकांस प्राथमिक शाळेंतला भागाकार येत नाहीं. अशा मुलापुढें बहुपदींचा भागाकार मांडणें, हें ज्यास विहिरींत पोहतां येत नाहीं त्यास पुरांत उतरविण्यासारखें आहे. तो बुडतो, आणि वर आम्हीच म्हणतों कीं याला गणिताचें डोकें नाहीं.

विषयांचा क्रम आणि पायाची पक्केपणा यांचें महत्त्व आमच्या पूर्वजांस कळत नव्हतें असें नाहीं. भास्कराचार्यांनीं सुमारें ११५० सालीं रचिलेल्या लीलावतींत आधीं नाणीं, वजनें व मापें यांचीं कोष्टकें येतात, मग संख्यांचीं स्थानें, मग पूर्णांकांचीं आठ परिकर्में, मग तींच अपूर्णांकांवर, त्यानंतर त्रैराशिक, आणि त्याच्या आधारावर व्याजाचे हिशेब, पुढें श्रेढी व क्षेत्रें. एका पायरीवर पाय ठरल्यावांचून दुसरी चढावयाची नाहीं, हा त्या रचनेचा नियम. आमच्या जुन्या पंतोजींच्या शाळांत दुसरी कांहीं विद्या नसेल, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी व औटकी यांच्या परवच्यानें पाव, अर्धा व पाऊण हे पोराच्या जिभेवर खेळत असत. सोळा आण्यांचा रुपया व चाळीस शेरांचा मण ज्या बाजारांत चालत होता, त्या बाजारांत अपूर्णांकावांचून भाजीसुद्धां घेतां येत नव्हती. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, पाठोपाठ मेट्रिक मापें आलीं, आणि व्यवहार सोपा झाला. तो सोपा झाला हें चांगलेंच झालें; पाठांतराच्या त्या छड्या पुन्हां उगारा असें आम्ही म्हणत नाहीं. पण अपूर्णांकांची जी तालीम पूर्वीं बाजार फुकट देत होता, ती आतां शाळेनेंच द्यावयाची आहे, हें आंखणी करतांना आम्ही विसरलों.

मग करावें काय? आमची पहिली सूचना अशी कीं, नववीच्या वर्षाचे पहिले तीन आठवडे, म्हणजे अठरा तासिका, मागील बाकीसाठीं राखून ठेवाव्या. पहिल्या दोन दिवसांत एक चांचपणी घ्यावी. तिला गुण नसावेत, म्हणजे भीतीहि नसेल आणि नक्कलहि नसेल. प्रश्न दहाच असावेत, पण नेमके असावेत. एक द्वितीयांश व एक तृतीयांश यांची बेरीज किती? उणे तीनांतून उणे पांच वजा केल्यास काय उरतें? २५० चे शेंकडा १२ किती? तीन वह्यांस ७५ रुपये, तर सात वह्यांस किती? अ अधिक ब या बेरजेचा वर्ग काय? उत्तरपत्रिका हातीं आल्यावर शिक्षकानें बरोबर उत्तरें मोजण्यापेक्षां चुका वाचाव्या. दुकानदार जशी खतावणी घालतो तशी एका कागदावर वर्गाची खतावणी घालावी. डावीकडे मुलांचीं नांवें, वर अपूर्णांक, ऋणसंख्या, शेंकडेवारी, त्रैराशिक, बैजिक राशि अशीं खातीं, आणि कोणाची कोठें बाकी आहे त्याची खूण. हा एक कागद त्या छापील तक्त्याहून अधिक मोलाचा आहे, कारण खरें नियोजन त्यावरूनच होणार.

चूक वाचणें म्हणजे काय, तें उदाहरणानें सांगतों. अर्धा व एक तृतीयांश यांची बेरीज मुलगा दोन पंचमांश लिहितो. वरचे वर मिळविले, खालचे खालीं मिळविले. त्यावर लाल फुली मारून भागत नाहीं. त्यास विचारावें कीं, अर्ध्या भाकरींत आणखी तिसरा हिस्सा घातला, तर भाकरी वाढली कीं घटली? दोन पंचमांश हे अर्ध्याहूनहि कमी आहेत, हें एकदां त्याच्या ध्यानांत आलें म्हणजे आपली रीत खोटी, हें त्यास दुसऱ्यानें सांगावें लागत नाहीं. तसेंच अ अधिक ब यांचा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, ही चूक दहावीपर्यंत मुलांची पाठ सोडीत नाहीं. दोन आणि तीन घालून पाहा: पांचाचा वर्ग २५, आणि चार अधिक नऊ फक्त १३. मग हे बारा गेले कोठें? पटांगणांत पांच हात लांब व पांच हात रुंद असा चौरस आंखून त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन हातांचा व तीन हातांचा असे दोन चौरस काढले, कीं उरलेले दोन आयत, सहासहा चौरस हातांचे, मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहतात. हरवलेले बारा सांपडले! असा सांपडलेला ठेवा मूल जन्मभर विसरत नाहीं.

दुसरी सूचना तासांविषयीं. तक्ता भरतांना शिक्षक पंचांगावरचे सारे दिवस आपले धरतो आणि मग फेब्रुवारींत धापा टाकतो. त्यापेक्षां जूनमध्यें खरा हिशेब करावा. शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहावी ते आठवीस किमान २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. नववीसहि तितकेच धरूं, आणि गणितास रोज एक तासिका मिळते असें समजूं. त्यांतून चाचण्या व सत्रपरीक्षा यांचे पंचवीस दिवस वजा करूं. क्रीडास्पर्धा, सहल, स्नेहसंमेलन व जयंत्या यांचे पंधरा. शिक्षकाची रजा, प्रशिक्षण व सरकारी कामें यांचे दहा. उरले १७०. हीच खरी पुंजी. शाळा-शाळांत आंकडा निराळा येईल, पण तो आपला आपण काढलेला असावा. या १७० पैकीं अठरा मागील बाकीस दिले. शिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमाचीं नववीचीं जीं पुस्तकें २०१७ सालीं आलीं, त्यांत पहिल्या भागांत सात व दुसऱ्यांत नऊ मिळून सोळा प्रकरणें आहेत. सरासरी सात तासिका धरल्यास ११२ झाल्या. आठवड्यास एक याप्रमाणें चोवीस तासिका केवळ उजळणीस द्याव्या. उरलेल्या सोळा कोणासहि वांटूं नयेत. पावसानें शाळा बंद राहील, एखादें प्रकरण जड जाईल, शिक्षक आजारी पडेल. त्या वेळीं ही गंगाजळी उपयोगीं येते. ज्या घरांत महिन्याचा पगार पहिल्या तारखेसच पैन् पै वांटला जातो, त्या घरांत वीस तारखेस उसनवारी ठरलेलीच. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्यें येत असल्यानें तेथील पुंजी याहूनहि तोकडी असते; म्हणूनच बाकी चुकविण्याचें खरें वर्ष नववीचें होय.

तिसरी सूचना क्रमाविषयीं. पुस्तकाचे दोन भाग आहेत म्हणून गणिताचेहि दोन तुकडे आहेत असें समजण्याची चाल पडली आहे. तीन दिवस बीजगणित, तीन दिवस भूमिति; कोठें कोठें तर शिक्षकहि दोन. मग एका भागांतलें दुसऱ्या भागाच्या कामीं येतें हें मुलास कळावें कसें? दोनाचें वर्गमूळ संख्यारेषेवर दाखवावयाचें तर पायथागोरसाचा सिद्धान्त लागतो. तेव्हां वास्तव संख्या व काटकोन त्रिकोण यांची गांठ घालून द्यावी. त्रिकोणमिति म्हणजे बाजूंचीं गुणोत्तरें. तेव्हां गुणोत्तर व प्रमाण हें प्रकरण तिच्या आधीं पुरें पक्कें व्हावें. दोन चलांचें रेषीय समीकरण आणि निर्देशक भूमितींतील रेषा हीं एकाच वस्तूचीं दोन रूपें. तीं लागोपाठ शिकवावीं. पान उलटण्याचा क्रम छापणाऱ्याच्या सोयीचा असतो. शिकविण्याचा क्रम शिक्षकानें ठरवावयाचा असतो, आणि त्यास ती मोकळीक मुख्याध्यापकांनीं दिली पाहिजे.

ऋतुमानाचाहि विचार व्हावा. शेतकरी पेरणीची वेळ पुस्तकावरून ठरवीत नाहीं. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून वर्गानें सरळ काठाची एक बरणी गच्चीवर ठेवून रोजचा पाऊस पट्टीनें मोजून लिहावा. सांख्यिकीचें प्रकरण येईल तेव्हां चार महिन्यांचे खरे आंकडे मुलांच्या हातचे तयार असतील, आणि सरासरी, मध्यक, स्तंभालेख हे शब्द निर्जीव राहणार नाहींत. त्रिकोणमितीस ऊन पाहिजे. म्हणून ती पावसाळा सरल्यावर घ्यावी, म्हणजे काठीच्या व झाडाच्या सावलीवरून झाडाची उंची काढतां येईल. नववींतील अर्थनियोजनाच्या प्रकरणांत प्राप्तीवरील कर येतो. २०१७ पासून केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीस मांडला जातो, तेव्हां तें प्रकरण त्याच आठवड्यांत घेतल्यास घरीं बाप वर्तमानपत्रांत जें वाचतो तेंच मुलगी वहींत सोडवील.

येथें आमच्या व्यापारी वाचकांनीं थोडें लक्ष द्यावें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला, आणि पुढील वर्षीं आलेल्या दहावीच्या पुस्तकांत त्यावर धडाहि आला. करासह एखाद्या वस्तूचें बिल ११८० रुपये, कराचा दर शेंकडा १८. तर मूळ किंमत किती? पुष्कळ मुलें, आणि आम्हीं पाहिलें आहे कीं पुष्कळ थोर माणसेंहि, ११८० चे शेंकडा १८ काढून वजा करतात आणि ९६७ रुपये ६० पैसे असें उत्तर देतात. खरें उत्तर १००० रुपये. शेंकडा १८ हे कशाचे, हा प्रश्न ज्यानें स्वतःस विचारला नाहीं त्याचें गणित चुकलें. आणि हा प्रश्न सहावींत विचारावयास शिकावयाचा असतो. आपल्या दुकानांत मदतनीस ठेवतांना आपण कुरकुरतां कीं, दहावी झालेल्या पोरास साधा हिशेब येत नाहीं. ती बाकी त्या पोराची नव्हे. ती कोणत्या तरी जूनमध्यें पुढें ओढावयाची राहून गेलेली आहे.

यावर आक्षेप येतील ते आम्ही जाणून आहों. पहिला असा कीं, तीन आठवडे मागें घालविले तर अभ्यासक्रम पुरा होणार नाहीं. आमचें उत्तर असें कीं, आज तो पुरा होतो तो फळ्यावर होतो, मुलाच्या मनांत नव्हे. ज्या वर्गास गुणोत्तर येतें त्यास त्रिकोणमिति सात तासांत कळते. ज्यास येत नाहीं त्यास पंधरा तासांतहि कळत नाहीं. मागें दिलेला वेळ पुढें वसूल होतो. त्यास खर्च न म्हणतां भांडवल म्हणावें. दुसरा आक्षेप असा कीं, साठ-साठ मुलांच्या वर्गांत प्रत्येकाची खतावणी कोण ठेवणार? वर्ग मोठे आहेत हें खरें, आणि ते लहान व्हावेत यासाठीं भांडलेंच पाहिजे. पण तोंवर ज्यास येतें त्यास ज्यास येत नाहीं त्याच्या शेजारीं बसवावें. दुसऱ्यास समजावून देतांना शिकणारा व शिकविणारा दोघेहि पक्के होतात. तिसरा आक्षेप असा कीं, हुशार मुलें मागील पाठांस कंटाळतील. त्यांच्यासाठीं आमच्याच मातींतलें एक कोडें आहे. नाशिकजवळ देवळाली येथें शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं दाखवून दिलें कीं, चारहि अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडावे, मोठींतून लहान वजा करावी, आणि हेंच पुन्हां पुन्हां करीत जावें. सात पायऱ्यांच्या आंत ६१७४ ही संख्या येतेच. १९४७ घेऊन पाहा: ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२, आणि मग ६१७४. एका शाळामास्तराचें हें संशोधन आज जगभर त्याच्या नांवानें ओळखलें जातें. मुलगा असें कोडें सोडवीत बसला तर तो कंटाळेल हें शक्य नाहीं.

आतां थोडें कायद्याविषयीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ मध्यें शिक्षकाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतींत पुरा करावा, हें त्यांत आहे. आणि लगेच पुढच्याच पोटकलमांत प्रत्येक बालकाची शिकण्याची कुवत अजमावून त्यास लागेल तें जादा शिक्षण द्यावें, हेंहि आहे. आमचें शिक्षणखातें पहिलें पोटकलम रोज वाचतें. दुसऱ्यावर धूळ बसली आहे. कायद्याचें एक वाक्य वाचून दुसरें झांकून ठेवणाऱ्या पक्षकारास न्यायाधीश काय म्हणतील, हें सांगावयास नको. त्याच कायद्याच्या कलम २७ नें शिक्षकांस जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज इतर बिगरशैक्षणिक कामांस जुंपण्यास मनाई केली आहे. वर आम्हीं जे दहा दिवस वजा केले ते या अपवादांपलीकडे वाढूं न देणें हें नागरिकांचें काम आहे. कायदा आठवीपर्यंतचा आहे, हें आम्ही विसरलों नाहीं. पण आठवीचें देणें नववीच्या दारांत येऊन उभें राहतें, आणि दार कायद्यानें लावून घेतां येत नाहीं.

या प्रश्नांत सर्वांत अधिक कोण भरडला जातो, तेंहि सांगितलें पाहिजे. ज्या घरीं पैसा आहे, तेथें शाळेंत राहिलेली बाकी खासगी क्लास भरून काढतो. ज्या घरीं आई धुणींभांडीं करते किंवा बाप हमाली करतो, तेथें शाळेचा तास हाच एकुलता एक तास. तेथील मुलीनें दोनदां नापास व्हावें, आणि "पोरीच्या जातीला गणित कशाला" असें म्हणून तिचें नांव काढून घ्यावें, हें अजून आमच्या डोळ्यांसमोर घडतें. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. त्यानंतर पावणेदोनशें वर्षांनींहि, दारें उघडीं असलेल्या शाळेंतून मुलगी वर्गसमीकरणाच्या उंबरठ्यावरून परत जात असेल, तर आमची सुधारणा दाराशींच थांबली असें म्हणावें लागेल. आंखणी नीट नसलेलें वर्ष सर्वांचें सारखें नुकसान करीत नाहीं. तें गरिबाचें अधिक करतें.

आमच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनीं हा विषय कमी लेखला नव्हता. लोकमान्य टिळकांनीं न्यू इंग्लिश स्कूलमध्यें गणित शिकविलें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं त्याच शाळेंत शिक्षक असतांना अंकगणिताचें पुस्तक तयार केलें; आणि तेच गोखले १९११ सालीं वरिष्ठ कायदे-कौन्सिलांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल घेऊन उभे राहिले. बिल १९१२ मध्यें फेंटाळलें गेलें; शिक्षणाच्या हक्काचा कायदा अमलांत यावयास १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मोठ्या नोकऱ्यांच्या मागें न लागतां पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयास परत आले. मुलांस हिशेब करावयास व त्याचें कारण विचारावयास शिकविणें हें राष्ट्रकार्यच होय, अशी त्या पिढीची समजूत होती. ज्यास स्वतःचा हिशेब करतां येतो त्यास सावकार फसवीत नाहीं आणि सरकारहि सहज फसवीत नाहीं. लोकराज्यांत तर प्रत्येक मतदारास टक्केवारी समजली पाहिजे. नाहीं तर मोठमोठ्या आंकड्यांच्या ढोलताशांत खरी गोष्ट त्याच्या कानींच पडत नाहीं.

म्हणून आमचें शाळाचालकांस सांगणें असें कीं, नियोजनाचा तक्ता मे महिन्यांत घाईनें मागवूं नये. चांचपणी झाल्यावर, जूनच्या अखेरीस मागवावा, आणि सोबत वर्गाची खतावणी मागावी. डिसेंबरमध्यें तो फायलींतून बाहेर काढून किती पाळला गेला आणि कां ढळला, तें शिक्षकांशीं बसून पाहावें. ढळला म्हणून शिक्षा करूं नये, नाहीं तर तक्ते पुन्हां खोटे होतील. शिक्षकांस आमची विनंति कीं, मागें वळण्याची लाज बाळगूं नये. पुढें धांवणारा मास्तर मुलांस दिसत नाहीं. मागें वळून हात देणारा दिसतो.

आणि पालकांनीं, विशेषतः ज्यांच्या घरीं दरवर्षीं वहीपूजन होतें त्यांनीं, पुढील जूनच्या पालकसभेंत पुस्तक केव्हां संपणार हा प्रश्न विचारूं नये. त्याऐवजीं एवढेंच विचारावें: "गुरुजी, मागील बाकी किती ओढली?" ज्या दिवशीं हा प्रश्न शाळा-शाळांतून विचारला जाईल, त्या दिवसापासून तो तक्ता खरा लिहिला जाऊं लागेल.